मराठवाड्याचे दोन तक्ते: मुलींचं आरोग्य आणि शिष्यवृत्तीचं वेळापत्रक

गोदाकाठ (धागाकर्ता)

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीचे जिल्हावार तक्ते इथल्या बऱ्याच जणांनी चाळले असतील. त्यात एक ओळ आहे: पाहणीच्या वेळी २० ते २४ वर्षांच्या असलेल्या बायकांपैकी किती जणींचं लग्न अठराच्या आत झालं होतं. अख्ख्या महाराष्ट्राचं उत्तर २१.९ टक्के. परभणीचं ४८. बीडचं ४३.७. या ओळीवर अधूनमधून बातमी होते, चार जण हळहळतात, आणि कुणीतरी ‘मानसिकताच मागास’ असं म्हणून विषय मिटवतो.

मला त्या ओळीशेजारी दुसरा एक तक्ता ठेवायचाय. तो कुणी छापलेला नाही, योजनांचे नियम वाचून मीच वहीत केलाय. मुलगी जन्मल्यापासून पदवीपर्यंत कोणत्या वर्षी सरकारकडून तिच्या नावावर किती पैसे येऊ शकतात, एवढंच त्यात आहे.

पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर लेक लाडकी योजना, १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेल्या मुलींसाठी. जन्मानंतर ५ हजार, पहिलीत ६, सहावीत ७, अकरावीत ८ आणि अठरा पूर्ण झाल्यावर ७५ हजार. प्राथमिकच्या मागासवर्गीय मुलींना उपस्थिती भत्ता १९९२ साली ठरला, दिवसाला १ रुपया. तीस वर्षांनीसुद्धा तो रुपयाच होता. आठवीत एनएमएमएसची (आर्थिक दुर्बल घटकांसाठीच्या केंद्राच्या शिष्यवृत्तीची) परीक्षा काढली तर नववी ते बारावी वर्षाला १२ हजार, पण राज्याचा कोटा ११,६८२ विद्यार्थ्यांचा. अनुसूचित जातीच्या नववी-दहावीच्या मुलीला, घरून शाळेत जात असेल तर, वर्षाला ३,५००.

आणि मग दहावीनंतर एकदम धरण फुटल्यासारखं. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती. अनुसूचित जातीच्या मुलीचा सरकारी वसतिगृहात नंबर लागला नाही तर स्वाधार योजना, वर्षाला पुण्या-मुंबईला ६० हजार, संभाजीनगरला ५१, जिल्ह्याच्या गावी ४३. डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. २०२४-२५ पासून ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी पूर्ण माफ.

ही सगळी चांगली कामं आहेत, मी त्यांच्या विरोधात नाही. पण सातवी ते दहावी बघा. गावातली जिल्हा परिषदेची शाळा सातवीला नाहीतर आठवीला संपते, पुढची शाळा दुसऱ्या गावाला, आणि परभणीतल्या त्या ४८ टक्क्यांपैकी अनेक जणींचं लग्न याच काळात ठरलेलं असतं. तिथे तक्ता जवळपास कोरडा आहे. माझं म्हणणं एवढंच की आपण पैसा पोचलेल्यांना देतो, वाटेत गळणाऱ्यांना नाही, आणि देतो तोही चुकीच्या महिन्यात. महिन्यांचं खाली कुणी विचारलं तर लिहीन.

चावडीवरचा

विचारलं. लिहा.

गोदाकाठ

लिहितो. ऊसतोडीची उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, मुकादमाकडून (मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून) पावसाळ्यात हातात पडते. दसरा-दिवाळीनंतर ट्रक निघतात. तुळशीच्या लग्नानंतर लग्नाच्या तिथी सुरू होतात. शिष्यवृत्तीचा अर्ज याच सुमारास कॉलेजच्या लॉगिनला पडून असतो आणि पैसे येतात ते उन्हाळ्यात, दुसरा हप्ता कधीकधी पुढच्या वर्षी. म्हणजे घरात निर्णय होतो तेव्हा एका पारड्यात मुकादमाचे रोख पैसे असतात आणि दुसऱ्यात पोर्टलवरचं ‘अंडर स्क्रूटिनी’.

सांख्यिक

विषय आवडला, पण आकडे वापरताना दोन गोष्टी ध्यानात ठेवा.

पहिली. पाचव्या फेरीत महाराष्ट्रात ३१,६४३ घरं आणि ३३,७५५ बायका होत्या. जिल्हे ३६. म्हणजे जिल्ह्याला सरासरी साडेनऊशेच्या आत बायका. त्यातल्या २० ते २४ च्या वेगळ्या काढल्या तर दीडशेच्या आसपास उरतात. एवढ्या नमुन्यावर ४८ चा अर्थ ‘चाळीस ते छप्पन्नच्या मधे कुठेतरी’ असा होतो. परभणी पहिला आणि बीड दुसरा ही शर्यत पेपरवाल्यांची. त्या तक्त्यातून ती सिद्ध होत नाही. दोन्ही जिल्हे राज्याच्या २१.९ पेक्षा खूप वर आहेत, हे मात्र नक्की सिद्ध होतं.

दुसरी जास्त महत्त्वाची. महाराष्ट्रातलं काम २०१९ च्या जून ते डिसेंबरमध्ये झालं. तेव्हा २० ते २४ च्या बायका १९९५ ते ९९ च्या दरम्यान जन्मलेल्या. त्यांची अठराच्या आतली लग्नं साधारण २०१० ते २०१७ मधली. त्या वर्षांत इथे काय चाललं होतं ते सांगायला नको: २०१२ चा दुष्काळ, मग २०१४ आणि २०१५ लागोपाठ, आणि एप्रिल २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी. ४८ टक्के हा दुष्काळातल्या लग्नांचा आकडा आहे. आजचा म्हणून तो वापरू नका. कोरोनात शाळा बंद असताना जे झालं ते यात आलेलंच नाही.

आणि गोदाकाठ, तुमचा तक्ताही आजचा आहे. लेक लाडकीचा लाभ घेणारी पहिली मुलगी अजून अंगणवाडीत असेल. २०१० च्या लग्नांना २०२३ ची योजना चिकटवून निष्कर्ष काढता येणार नाही.

गोदाकाठ

बरोबर. लेक लाडकीमुळे काही झालं वा झालं नाही, असं मी म्हणत नाहीये. पण सहावी ते अकरावी अशी पाच वर्षांची उडी २०२३ ला नव्यानं आखताना घेतली, ही गोष्ट उरतेच. हातात ४८ चा आकडा असताना.

निळी_गोळी

आरोग्य उपकेंद्रात काम करते, म्हणून आरोग्याच्या बाजूनं लिहिते. शाळेचा विषय इथे बाजूला काढताच येत नाही.

१५ ते ४९ च्या बायकांमध्ये रक्तक्षय राज्यात चौथ्या फेरीत ४८ टक्के होता, पाचव्यात ५४.२ झाला. सहा महिने ते पाच वर्षांच्या लेकरांत ५३.८ वरून ६८.९. बोटातून रक्त घेऊन केलेल्या तपासणीवर शंका घेणारे आहेत, नव्या फेरीतून ती तपासणी काढली सुद्धा. पण ओपीडीला बसून पांढऱ्या पडलेल्या पापण्या बघणाऱ्याला दोन-चार टक्क्यांचा वाद घालावासा वाटत नाही.

आता १० ते १९ वयाच्या मुलींना लोहाची निळी गोळी आठवड्याला एक, ही शाळेत दिली जाते. शाळा सुटलेल्या मुलीला अंगणवाडीतून द्यायची. जंताची गोळीसुद्धा तशीच. कागदावर कुणी सुटत नाही. प्रत्यक्षात मुलगी नववीला शाळा सोडते, दिवाळीनंतर आईबापासोबत साखर कारखान्याच्या फडावर, म्हणजे ऊसतोडीच्या शेतावर जाते, तेव्हा ती शाळेच्या रजिस्टरलाही नसते आणि अंगणवाडीच्याही. फड कोल्हापूर-सांगलीकडचा नाहीतर कर्नाटकातला. तिथल्या आशाताईच्या यादीत तिचं नाव कसं असणार? पाच-सहा महिने ती कुणाच्याच हिशोबात नाही. एप्रिलमध्ये परत येते ती कधी लग्न होऊन, कधी दिवस गेलेले असतात, आणि माझ्याकडे पहिली नोंदणी होते तेव्हा हिमोग्लोबिन सात.

मग गरोदरपणाची लाल गोळी, मग इंजेक्शन, मग ‘रेफर’. आमच्या पोर्टलवर दवाखान्यातली प्रसूती शंभर टक्क्यांच्या आसपास दिसते आणि ते खरंही आहे, घरी बाळंतपण आता क्वचित. पण त्या आकड्यात तिचं वय अठरा आहे की आधारवर अठरा आहे, हे दिसत नाही.

लातूरकर

सगळं मान्य, पण एक कडू बोलतो. आमच्या लातूरला अर्ध्या मराठवाड्यातली पोरं-पोरी शिकायला येतात. ट्यूशन एरियात एक चक्कर मारा. बाप एकर विकून पोराला नीटला बसवतो, तिथे कुणाला शिष्यवृत्ती लागली? ज्याला शिकवायचं तो शिकवतो. पैसे वाटून मानसिकता बदलत नसते.

चावडीवरचा

एकर ज्याच्याकडे आहे तो विकतो हो.

बालाघाटी

लातूरकर साहेब, मी बीडकडचा, घरात ऊसतोड बघितलेला मानूस. तुमी मानसिकता म्हनता तिचा हिशोब सांगतो.

कारखान्याला एकटा गडी न्हाई चालत. कोयता म्हंजी जोडी, नवरा-बायको. एकानं तोडायचं, दुसऱ्यानं मोळी बांधायची, डोक्यावर घेऊन ट्रकात भरायची. उचल कोयत्यावर मिळती. पोरगं अठरा-एकोणीसचं झालं की त्याचा येगळा कोयता केला तर घरात दुसरी उचल येती. म्हंजी त्याला जोडी पायजे. आता पोरीकडून बघा. आईबाप सहा म्हैने गावाला न्हाईत. चौदा-पंधराची पोरगी म्हाताऱ्या आज्जीजवळ ठिवायची का कोपीत संगं न्यायची? कोपीला दार नसतं. पाचटाची कोपी, आंघोळीला आडोसा न्हाई. बाप रात्रभर झोपत न्हाई. मग तो म्हनतो देऊन टाकू. ह्यात मागासपना कुठं आन हिशोब कुठं ते तुमीच ठरवा.

आन आरोग्याचं म्हनाल तर खाडा झाला की मुकादम पैसे कापतो. पाळीचं दुखनं असो का काई असो. २०१९ ला सभागृहात सांगितलं व्हतं, बीडात तीन वर्सात ४,६०५ बायांच्या गर्भपिशव्या काढल्या. पुढं समितीनं ८२,३०९ ऊसतोड बायांची पाहनी केली, त्यात १३,८६१ जनींची पिशवी काढल्याली निघाली. किती जनी तिशी-पस्तिशीच्या. हा बी तक्ता ठिवा गोदाकाठच्या शेजारी.

लातूरकर

कोपीला दार नसतं हे वाचून थांबलो. तरी माझा प्रश्न तसाच आहे. शिष्यवृत्ती जूनमध्ये दिली असती तर तुमच्याकडचा बाप थांबला असता का?

बालाघाटी

न्हाई. ३,५०० रुपयानं कोन थांबतंय? आमाला पोरगी ठिवायला जागा पायजे. दिवाळी ते पाडवा. जेवन, झोपायला खोली, दाराला कडी आन एक बाई मानूस. मंग पैसे उन्हाळ्यात आले काय आन न आले काय.

गोदाकाठ

इथे जरा सविस्तर लिहितो, कारण जागेचाही तक्ता निघतो आणि तो माझ्या पहिल्या तक्त्यासारखाच मधे फाटलेला आहे.

हंगामी वसतिगृहं आहेत, शाळा व्यवस्थापन समितीमार्फत चालतात. हंगामाचे सहा महिने लेकरानं गावातच राहायचं, जेवण तिथे. पण ही पहिली ते आठवीची सोय, शिक्षण हक्काच्या वयाची. नववीत गेली की नाव यादीतून बाहेर. कस्तुरबा गांधी बालिका विद्यालयं निवासी आहेत, पण मोजकी. संत भगवानबाबा वसतिगृह योजना २०२१ ची, खास ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी: ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहं, एक मुलांचं एक मुलींचं, प्रत्येकी १०० जागा. कल्पना अगदी बालाघाटी म्हणतात तीच. पण तालुक्याला १०० मुली. बीड जिल्ह्यातल्या एकेका तालुक्यातून किती कुटुंबं जातात ते इथल्यांना माहीत आहे, १०० हा आकडा एका मोठ्या गावालाही पुरायचा नाही.

प्रवासाचं मात्र चांगलं झालंय, तेही सांगायला हवं. एसटीचा मोफत पास ग्रामीण मुलींना बारावीपर्यंत आहे, मानव विकास कार्यक्रमाच्या बस मुलींना शाळेत नेतात-आणतात. ज्या मार्गावर ती बस वेळेवर येते तिथल्या शाळेत दहावीच्या वर्गात मुली जास्त दिसतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. अर्थात सांख्यिक याला पुरावा म्हणणार नाहीत.

सांख्यिक

नाही म्हणणार. पण मार्ग आणि पटाचे आकडे मिळवा, बसून काढू.

ई_सेवावाला

मी तालुक्याला केंद्र चालवतो. महिन्यांबद्दल गोदाकाठनी लिहिलं त्यात वेळ कुठे जातो ते मला रोज दिसतं.

उत्पन्नाचा दाखला लागतो, त्याची मुदत ३१ मार्चला संपते, म्हणून दरवर्षी नवा. तलाठ्याचा अहवाल, मग तहसील. बाप असतो फडावर. ओटीपी जातो बापाच्या मोबाईलवर, कारण पोरीच्या आधारला त्याचाच नंबर जोडलेला. त्याचा फोन चार्ज झाला की ओटीपीची वेळ संपलेली असते. खातं आधारला जोडलंय असं बँक सांगते, पण एनपीसीआयला (आधारवरून पैसे कोणत्या खात्यात जायचे ते ठरवणाऱ्या यंत्रणेला) मॅपिंग दुसऱ्याच खात्याचं, कधीतरी गॅस सबसिडीला उघडलेल्या. पैसे तिकडे जातात आणि मुलगी सहा महिने माझ्याकडे येऊन विचारते, दादा आले का.

अजून एक. अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तरमध्ये आता केंद्राचा ६० टक्के वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो, त्यातली फी त्यानं कॉलेजला भरायची. पैसे आले त्या आठवड्यात घरी कुणी आजारी असेल तर ते पैसे दवाखान्यात जातात. मग कॉलेज हॉल तिकीट अडवतं. अडवू नये असं परिपत्रक आहे, पण क्लार्कच्या टेबलावर परिपत्रक चालत नाही. आमच्याकडच्या एका कॉलेजात हे मी समोर उभा राहून पाहिलंय.

निळी_गोळी

हेच ते. आजारपण आणि शिष्यवृत्ती एकाच खात्यातून जातात.

कुणी म्हणेल महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे की. आहे आणि मोठी आहे. २०१२ ला पहिल्या टप्प्यात आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यात आपलं नांदेड होतं, आता संरक्षण ५ लाखांपर्यंत. पण ती यादीतल्या आजारांना, भरती झाल्यावर. तापाचे तीन दिवस, सलाईन, खासगी दवाखान्याचे दोन-तीन हजार, यातलं काही त्यात बसत नाही. शिष्यवृत्ती खाते ते हे छोटं आजारपण. वैद्यकीय महाविद्यालयं बघता बघता मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत झाली, धाराशिव, परभणी, मग २०२४ ला जालना आणि हिंगोली. माझ्या उपकेंद्रातलं नर्सचं दुसरं पद रिकामंच आहे.

नागझरी

हा विषय विकास मंडळात मांडता आला असता. मराठवाडा वैधानिक विकास मंडळ घटनेच्या कलम ३७१(२) खाली १९९४ ला झालं आणि ३० एप्रिल २०२० ला मुदत संपली. मुदतवाढ मिळाली नाही. २०२२ ला पुन्हा स्थापनेचा निर्णय मंत्रिमंडळानं घेतला, त्यालाही आता बराच काळ लोटला. मंडळानं फार दिवे लावले असं नाही, पण ‘मराठवाडा’ नावाचा रकाना तिथे होता. आता शिष्यवृत्ती समाजकल्याण, बहुजन कल्याण, उच्च शिक्षण अशा खात्यांत विखुरलेली, आरोग्य वेगळीकडे, ऊसतोड महामंडळ तिसरीकडे. प्रत्येक जण राज्याचा एकूण आकडा देतो. आठ जिल्ह्यांची बेरीज ज्याला हवी त्यानं स्वतः करायची.

जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन दरवर्षी निघतं, अर्थ व सांख्यिकी संचालनालयाचं. त्यात शाळा, पट, दवाखाने, खाटा मिळतात. तिथून सुरू करा. पण पैसे कोणत्या महिन्यात खात्यावर पडले ते तिथे नाही.

लातूरकर

मग ते कुठे मिळेल?

ई_सेवावाला

माहिती अधिकारात. प्रत्येक जिल्ह्याच्या समाजकल्याण सहायक आयुक्तांकडे. ‘शिष्यवृत्ती का उशिरा येते’ असं विचारू नका, ‘का’ला उत्तर येत नाही. मागा असं: अमुक शैक्षणिक वर्षात मॅट्रिकोत्तर आणि स्वाधार, दोन्हीचे अर्ज मंजूर झाल्याची तारीख आणि रक्कम जमा झाल्याची तारीख, महिनावार संख्या, मुली आणि मुलगे वेगळे. नावं मागू नका, म्हणजे वैयक्तिक माहिती म्हणून फेटाळता येणार नाही. आणि तालुकावार म्हणा, नाहीतर जिल्ह्याचा एक आकडा हातावर ठेवतील.

सांख्यिक

जोडीला जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाकडून आठवी, नववी, दहावीचा पट, शाळावार, तोही सप्टेंबर आणि जानेवारी असा दोनदा. दिवाळीआधी आणि नंतर. त्या दोन महिन्यांतला फरक मला बघायचाय. वार्षिक गळतीच्या आकड्यात तो पुसला जातो, कारण एप्रिलमध्ये परत आलेली मुलगी परीक्षेला बसली की ती गळलेली धरत नाहीत.

बालाघाटी

जानेवारीचा पट खरा देतील का, ही येगळी शंका. आमच्याकडं सगळी लेकरं बारा म्हैने हजर असत्यात, कागदावर. पोषण आहाराचं रजिस्टर मागा त्याच्या संगं, तांदूळ किती शिजला ते. दोन रजिस्टरं एकमेकाला खोटं पाडत्यात.

सांख्यिक

हे माझ्या डोक्यात आलं नसतं. आहार आठवीपर्यंतच असतो, पण तेवढं तरी जुळवून बघता येईल.

गोदाकाठ

मसुदा मी लिहून इथेच टाकतो. बीड, परभणी, जालना आणि धाराशिव आधी घेऊ. जागेबद्दलचा प्रश्नही घालतो: संत भगवानबाबा वसतिगृहातल्या मुलींच्या मंजूर जागा, आलेले अर्ज आणि दाखल मुली, तालुकावार, ऑक्टोबर ते एप्रिल. बालाघाटी, तुमचं म्हणणं पटलं की पैशाआधी जागा. पण महिन्यांचा मुद्दा मी सोडत नाही, अकरावीनंतरच्यांसाठी तो आहेच.

बालाघाटी

सोडू नका. बीडचा अर्ज मी देतो. केज आन धारूर पयले.

नागझरी

परभणी मी. जिंतूर आणि गंगाखेड.

निळी_गोळी

आरोग्यकडून किशोरींच्या लोहगोळीचा महिनावार अहवाल पण मागा, ‘शाळेत न जाणाऱ्या मुली’ असा त्यात वेगळा रकाना असतो. नोव्हेंबरनंतर तो कसा भरतात ते बघाच एकदा. मी कुठल्या जिल्ह्यात आहे ते लिहीत नाही, समजून घ्या.